युद्ध जिंकले, तह बाकी आहे

श्रीलंकेच्या अर्वाचीन इतिहासात २९ जुलै या तारखेला दोन नोंदी आहेत. १९८७ साली या दिवशी भारताचे तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी आणि श्रीलंकेचे तत्कालीन अध्यक्ष जे. आर. जयवर्धने यांनी कोलंबोत शांतता करारावर स्वाक्षऱ्या केल्या. बरोबर बारा वर्षांनी, १९९९ च्या २९ जुलैला, त्याच शहरात डॉ. नीलन तिरुचेल्वम सकाळी आपल्या कार्यालयाकडे निघाले असता लिट्टेच्या आत्मघातकी हल्लेखोराने त्यांच्या मोटारीजवळ स्वतःला उडवून दिले. तिरुचेल्वम तामिळ होते, खासदार होते आणि जागतिक कीर्तीचे घटनातज्ज्ञ होते. तामिळांना अविभाजित श्रीलंकेत सन्मानाचे स्थान मिळावे म्हणून जो घटनात्मक प्रस्ताव त्या काळी तयार होत होता, त्याच्या मसुद्यावर त्यांचा हात फिरला होता. एवढ्यासाठी त्यांना मारण्यात आले, आणि मारणारे स्वतःला तामिळांचे मुक्तिदाते म्हणवत होते.

पुढे २००९ च्या मे महिन्यात मुल्लैतीवूच्या किनाऱ्यावर प्रभाकरन मारला गेला आणि लिट्टेचे सैन्य नामशेष झाले. दहशतवादाचा निःपात करणाऱ्या त्या विजयाचे भारतातही अनेकांनी मनोमन स्वागत केले. ते स्वाभाविक होते. राजीव गांधींचा मारेकरी, शेकडो भारतीय जवानांच्या मृत्यूला कारण झालेला माणूस संपला होता. मात्र त्या दिवसापासून एक समजूतही दृढ होत गेली की, युद्ध संपले म्हणजे प्रश्न संपला. आता श्रीलंकेत रस्ते झाले, आगगाडी जाफन्यापर्यंत पोहोचली, मग तामिळांचे रडगाणे कशासाठी, असे विचारणारे कोलंबोत आहेत तसे मुंबई-पुण्यातही आहेत. भारताच्या इतिहासाविषयी बोलताना 'युद्धात कमावले आणि तहात गमावले' अशी खंत नेहमी व्यक्त होते. श्रीलंकेची गत त्याहून विचित्र झाली. तिने युद्धात कमावले आणि तह केलाच नाही.

हा तह कोणाशी करायचा, असा प्रश्न विचारला जाईल. लिट्टे तर उरली नाही. परंतु हा संघर्ष लिट्टेने सुरू केलेला नव्हता, आणि सिंहली व तामिळ हे अनादि कालापासूनचे वैरी आहेत हेही खरे नाही. कँडीच्या प्रसिद्ध पेराहेराच्या मिरवणुकीत बुद्धाच्या दंतधातूच्या मागोमाग विष्णूच्या आणि स्कंदाच्या देवालयांच्या मिरवणुका निघतात. दक्षिणेतील कतरगामाचा स्कंद सिंहली बौद्धांचा जितका, तितकाच जाफन्याहून पूर्व किनाऱ्याने पायी निघणाऱ्या तामिळ यात्रेकरूंचा मुरुगन. १९१५ च्या दंगलीनंतर ब्रिटिशांनी सिंहली पुढाऱ्यांना तुरुंगात डांबले, तेव्हा त्यांची बाजू मांडायला सर पोन्नंबलम रामनाथन हे तामिळ शैव विद्वान विलायतेला गेले. ते परतल्यावर कोलंबोतील सिंहली प्रतिष्ठितांनी त्यांच्या गाडीचे घोडे सोडून ती स्वतः ओढली होती.

स्वामी विवेकानंद शिकागोहून परतताना १५ जानेवारी १८९७ रोजी प्रथम कोलंबोच्या धक्क्यावर उतरले, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच प्रवासात अनुराधपूरला घडलेला प्रसंग मात्र फारसा सांगितला जात नाही. तेथील बोधिवृक्षाजवळ स्वामीजींचे भाषण सुरू असताना काही बौद्धांच्या जमावाने ढोल आणि डबे बडवून ते बंद पाडले. जमलेले हिंदू चवताळले. स्वामीजींनी त्यांना आवरले, दंगा होऊ दिला नाही, आणि शिव म्हणा, विष्णू म्हणा की बुद्ध म्हणा, ईश्वर एकच, हे त्या ठिकाणीच सांगितले. तेथून ते जाफन्याला गेले. या बेटावर ठिणगी केव्हाही पडू शकते आणि विझवणारा कोणी असेल तर ती विझतेही, याचा तो जुना दाखला आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठिणग्या पुष्कळ पडल्या. विझवणारे हात मात्र एकतर आखडले गेले किंवा तोडले गेले.

आरंभ झाला तो स्वातंत्र्याबरोबर. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने चहाच्या मळ्यांत राबणाऱ्या भारतीय वंशाच्या सुमारे सात लाख तामिळांना एका फटक्यात परके ठरवले. १९६४ च्या शास्त्री-सिरिमाव्हो कराराने त्यांची दोन देशांत वाटणी केली, जणू मालाचीच. त्यांच्यापैकी शेवटच्यांना श्रीलंकेचे नागरिकत्व मिळण्यासाठी २००३ चा कायदा यावा लागला.

मूळच्या लंकावासी तामिळांशी बिनसले ते १९५६ साली. सत्तेवर आल्यास चोवीस तासांत सिंहलीला राजभाषा करू, या घोषणेवर सॉलोमन बंदरनायके यांनी निवडणूक जिंकली आणि जूनमध्ये केवळ सिंहलीला राजभाषेचा दर्जा देणारे विधेयक संमत झाले. सरकारी नोकरीतल्या तामिळ कारकुनाला स्वतःच्या देशात एका रात्रीत निरक्षर ठरवणारा हा कायदा होता. त्याविरुद्ध गॉल फेस मैदानावर शांतपणे सत्याग्रहाला बसलेल्या तामिळ पुढाऱ्यांना गुंडांनी बदडून काढले. योगायोगाची गोष्ट अशी की, त्याच १९५६ च्या १ नोव्हेंबरला भारतात भाषावार राज्यरचना अमलात आली. भाषेला राज्य दिले तर देश फुटेल, ही भीती त्या वेळी भारतातील अनेक राष्ट्रनिष्ठांच्याही मनात होती आणि ती प्रामाणिक होती. काळाने ती खोटी ठरवली, हेही तितक्याच प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. सामुद्रधुनीच्या अलीकडे स्वतंत्र द्रविडनाडूची मागणी करणाऱ्या द्रमुकने १९६३ मध्ये ती सोडून दिली, १९६७ मध्ये अण्णादुराई मुख्यमंत्री झाले आणि पुढे राज्याला तामिळनाडू हे नाव मिळाले. पलीकडे मात्र ज्यांनी कधी वेगळे राज्य मागितले नव्हते, ते वीस वर्षांत स्वतंत्र राष्ट्र मागू लागले. तामिळ तेच, भाषा तीच. फरक होता तो राज्यकर्त्यांनी वेळेवर काय दिले आणि काय नाकारले, यात.

या वीस वर्षांत वाटाघाटी झाल्या नाहीत असे नाही. २६ जुलै १९५७ रोजी बंदरनायके आणि तामिळांचे नेते चेल्वनायकम यांच्यात करार झाला. (चेल्वनायकम स्वतः ख्रिश्चन होते आणि बहुसंख्य हिंदू तामिळांनी त्यांना पित्याचा मान दिला. हा झगडा हिंदू विरुद्ध बौद्ध असा सरधोपट मांडणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.) तामिळांनी संघराज्याचा आग्रह तूर्त बाजूला ठेवला, नियोजित सत्याग्रह मागे घेतला. बदल्यात त्यांना मिळणार होत्या शेती, शिक्षण, जमीन व वसाहती यांसारख्या विषयांचे अधिकार असलेल्या प्रादेशिक परिषदा आणि उत्तर-पूर्वेच्या कारभारात तामिळ भाषा. सिंहलीच्या राजभाषापदाला धक्काही लागणार नव्हता. महाभारतात श्रीकृष्ण शिष्टाईला गेला तो पाच गावे मागायला. चेल्वनायकम यांची मागणी त्याहून मोठी नव्हती.

विरोधी पक्षात असलेल्या जयवर्धने यांनी या कराराविरुद्ध कोलंबोहून कँडीकडे मोर्चा काढला. १९५८ च्या एप्रिलमध्ये भिक्षूंनी पंतप्रधानांच्या निवासस्थानासमोर ठाण मांडले आणि बंदरनायके यांनी करार रद्द झाल्याचे लिहून दिले. पुढच्याच महिन्यात दंगली भडकल्या. आणि ज्या अतिरेकी लाटेपुढे ते नमले, तिने त्यांनाही सोडले नाही. १९५९ च्या सप्टेंबरमध्ये एका भिक्षूच्याच गोळ्यांनी त्यांचा अंत झाला. १९६५ साली दुसऱ्या पक्षाचे डडली सेनानायके यांनी चेल्वनायकम यांच्याशी पुन्हा करार केला, या वेळी जिल्हा परिषदांपुरता. आता विरोधात असलेल्या बंदरनायके यांच्या पक्षाने रान उठवले आणि १९६८ मध्ये तोही गुंडाळला गेला. सत्तेत असताना सही करायची आणि विरोधात गेल्यावर तीच सही फाडायला लावायची, असा हा खेळ दोन्ही सिंहली पक्ष आळीपाळीने खेळत राहिले.

त्याची किंमत चढत्या भाजणीने वाढत गेली. १९७२ च्या घटनेने अल्पसंख्याकांना असलेले जुने घटनात्मक संरक्षण काढून घेतले. विद्यापीठ प्रवेशाचे नियम बदलून तामिळ विद्यार्थ्यांना अधिक गुणांची अट आली आणि शिक्षणावर जगणाऱ्या जाफन्याच्या मध्यमवर्गातील तरुण पोर चिडून उठले. १९७६ मध्ये वट्टुकोट्टै येथे तामिळ पक्षांनी स्वतंत्र ईलमचा ठराव केला. जे १९५७ मध्ये परिषदेवर मिटले असते, त्याची किंमत आता अर्धे राज्य झाली होती. १९८१ च्या ३१ मेच्या रात्री जाफन्याचे सार्वजनिक ग्रंथालय जाळण्यात आले. सुमारे ९७ हजार ग्रंथ आणि दुर्मीळ ताडपत्रे भस्मसात झाली. नालंदेच्या ग्रंथागाराची राख ज्यांच्या स्मृतीत आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. १९८३ च्या जुलैमध्ये लिट्टेने तेरा सैनिक मारल्याचे निमित्त झाले आणि कोलंबोत मतदारयाद्या हातात घेऊन तामिळांची घरे हुडकण्यात आली. वेलिकडा तुरुंगात तर पन्नासाहून अधिक तामिळ कैदी कोठडीतच ठेचून मारले गेले.

त्यानंतर सरकारने जे केले, ते दंगलीपेक्षाही घातक ठरले. सहाव्या घटनादुरुस्तीने फुटीरतेचे समर्थन करणार नाही अशी शपथ सक्तीची झाली. ती न घेतल्याने अमृतलिंगम यांच्यासह मवाळ तामिळ खासदारांची पदे गेली. अमृतलिंगम त्या वेळी संसदेत विरोधी पक्षनेते होते. बोलू इच्छिणाऱ्यांना सभागृहाबाहेर काढल्यावर मैदान कोणाला मोकळे होते, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

लिट्टेविषयी हिंदू समाजाच्या एका भागात एके काळी भाबडी सहानुभूती होती, ती अजूनही कोठे कोठे डोके वर काढते. तिच्यासाठी काही नोंदी पुरेशा आहेत. अमृतलिंगम यांना १९८९ मध्ये लिट्टेनेच मारले. जाफना विद्यापीठातील डॉ. राजनी तिरणगामा यांना त्याच वर्षी रस्त्यात गोळ्या घातल्या. तामिळ असलेले परराष्ट्रमंत्री लक्ष्मण कदिरगामार यांचा बळी २००५ मध्ये घेतला. शाळकरी मुलामुलींच्या हाती बंदुका दिल्या आणि गळ्यात सायनाइडच्या कुप्या बांधल्या. १९९० च्या ऑक्टोबरात उत्तर प्रांतातील हजारो मुसलमान कुटुंबांना काही तासांच्या मुदतीत नेसत्या वस्त्रानिशी हाकलून दिले. तीही तामिळ बोलणारीच माणसे होती. तामिळ समाजाची विचार करणारी एक अख्खी पिढी लिट्टेने कापून काढली. आज वाटाघाटींच्या टेबलावर तामिळांच्या बाजूला अनुभवी माणसे कमी दिसतात, याचे हेही कारण आहे.

भारताचे हातही या प्रकरणात स्वच्छ नाहीत. ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात तामिळ सशस्त्र गटांना भारताच्या भूमीवर प्रशिक्षण मिळाले, हे आता लपलेले नाही. वाघ पाळायचा आणि तो दुसऱ्यालाच चावेल अशी अपेक्षा धरायची, हे धोरण अंगाशी आले. १९८७ च्या करारात अविभाजित श्रीलंकेचा स्वीकार होता, तामिळला राजभाषेचे स्थान होते, प्रांतिक स्वायत्तता होती आणि त्रिंकोमाली बंदर भारतविरोधी लष्करी वापरासाठी कोणालाही न देण्याची हमी होती. कागद म्हणून तो चांगला होता. उणीव एकच होती, पण ती मुळातली होती. ज्यांच्यासाठी करार त्यांची त्यावर सही नव्हती, आणि ज्यांनी सही केली त्यांना तो मनापासून नको होता. १९५७ च्या करारावर मोर्चा नेणारे जयवर्धने तीस वर्षांनी त्याहून कितीतरी अधिक देण्याच्या करारावर सही करत होते. दुसऱ्याच दिवशी मानवंदनेच्या वेळी एका सिंहली नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला. ऑक्टोबरमध्ये लिट्टेने भारतीय शांतिसेनेविरुद्धच शस्त्र उचलले.

त्या सेनेत मेजर रामस्वामी परमेश्वरन होते. मुंबईत जन्मलेले, मुंबईच्याच एसआयईएस शाळा-महाविद्यालयात शिकलेले, आठव्या महार पलटणीचे अधिकारी. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री शोधमोहिमेवरून परतताना जाफन्याजवळ त्यांची तुकडी सापळ्यात सापडली. छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्यालाच टिपले आणि अखेरच्या श्वासापर्यंत जवानांना आदेश देत राहिले. श्रीलंकेच्या भूमीवरील पराक्रमासाठी दिले गेलेले ते एकमेव परमवीरचक्र. सुमारे बाराशे भारतीय सैनिक त्या बेटावर कामी आले. १९९० च्या मार्चमध्ये शेवटची तुकडी चेन्नईत उतरली तेव्हा स्वागताला तेथील मुख्यमंत्रीही गेले नाहीत. कोलंबोजवळ आज या जवानांचे स्मारक आहे. ज्या करारासाठी ते तेथे गेले, त्यातले बरेचसे मात्र अजून कागदावरच आहे. करार पूर्ण व्हावा असे भारताने म्हणणे ही कोणाच्या घरात ढवळाढवळ नव्हे. त्यावर भारताची सही आहे आणि त्यासाठी भारताचे रक्त सांडले आहे.

मधल्या काळात संधी आल्याच नाहीत असे नव्हे. चंद्रिका कुमारतुंग यांनी सत्तेच्या विकेंद्रीकरणाचा व्यापक प्रस्ताव आणला. २००० च्या ऑगस्टमध्ये तो संसदेत आला तेव्हा विरोधी सदस्यांनी सभागृहातच त्याच्या प्रती जाळल्या. २००२ मध्ये नॉर्वेच्या मध्यस्थीने युद्धबंदी झाली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ओस्लो येथे दोन्ही बाजूंनी संयुक्त श्रीलंकेत संघराज्याच्या धर्तीवर तोडगा शोधण्याचे मान्य केले. काही महिन्यांतच लिट्टे बोलणी सोडून उठली. २००५ च्या अध्यक्षीय निवडणुकीत तिने उत्तरेतील तामिळांना मतदान करू दिले नाही. महिंदा राजपक्षे दोन लाखांहूनही कमी मतांनी निवडून आले आणि युद्धाचा मार्ग खुला झाला. प्रभाकरनने आपला शेवट त्या दिवशी स्वतःच लिहिला. त्याच्याबरोबर जे मेले, त्यांना मात्र कोणी विचारले नव्हते. शेवटच्या पाच महिन्यांत लिट्टेने सामान्य माणसांना ढालीसारखे पुढे केले, पळणाऱ्यांना गोळ्या घातल्या, आणि सरकारी तोफा सुरक्षित म्हणून जाहीर केलेल्या पट्ट्यावरही डागल्या गेल्या. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये मृत नागरिकांचा आकडा चाळीस हजारांपर्यंत असू शकतो असे नमूद केले. श्रीलंका सरकारला तो मान्य नाही. आकड्यांचा वाद बाजूला ठेवला, तरी जवळपास तीन लाख माणसे काटेरी तारांच्या छावण्यांत ठेवली गेली होती, हे निर्विवाद आहे.

आता उरते ती तेरावी घटनादुरुस्ती. १९८७ च्या करारातून निघालेले एवढेच एक अपत्य जिवंत आहे, तेही पांगळे. तिने नऊ प्रांतांना परिषदा दिल्या. जमीन आणि पोलीस हे विषय प्रांतांच्या यादीत घातले, पण प्रत्यक्षात हस्तांतरित कधी केले नाहीत. कार्यकारी सत्ता अध्यक्षांनी नेमलेल्या राज्यपालांच्या हाती राहिली, प्रांतिक सेवेतील नेमणुका-बदल्याही त्यांच्याकडेच. करारानुसार जोडलेले उत्तर आणि पूर्व प्रांत २००६ च्या न्यायालयीन निकालाने पुन्हा वेगळे झाले. १९८८ च्या पहिल्या निवडणुकीत उत्तरेतील सर्व जागा बिनविरोध भरल्या गेल्या. म्हणजे जाफन्यातल्या मतदाराने आपल्या प्रांतिक परिषदेसाठी खरोखर मत टाकले ते पहिल्यांदा २१ सप्टेंबर २०१३ रोजी. लोक रांगा लावून आले आणि तामिळ राष्ट्रीय आघाडीला ३८ पैकी ३० जागा दिल्या. २०१८ मध्ये त्या परिषदेची मुदत संपली. दरम्यान निवडणूक पद्धत बदलणारा कायदा झाला होता. त्यानुसार आखलेल्या मतदारसंघांचा अहवाल संसदेनेच फेटाळला. जुनी पद्धत रद्द, नवी अपूर्ण. २०२४ साल संपले तेव्हा संपूर्ण देशात एकही निर्वाचित प्रांतिक परिषद नव्हती, आणि हे तामिळ प्रांतांइतकेच सिंहली प्रांतांनाही लागू होते. लोकशाही बंद पाडायला बंदूक लागते असे नाही, एक अहवाल अडवून ठेवला तरी पुरते.

जमीन आणि पोलीस हे शब्द दूरच्या वाचकाला रुक्ष वाटतील. त्यांचा अर्थ वेडुक्कुनारीच्या टेकडीवर कळतो. वावुनिया जिल्ह्यातील या टेकडीवरच्या शिवस्थानावर पुरातत्त्व खात्याचा दावा आहे. २०२३ मध्ये तेथील मूर्तींची तोडफोड झाली. २०२४ च्या महाशिवरात्रीला, ८ मार्चच्या रात्री, पूजेला जमलेल्या भाविकांपैकी आठ जणांना पोलिसांनी धरून नेले. पुढे न्यायालयातून ते सुटले. शिवरात्रीला शिवाची पूजा केली, एवढेच त्यांनी केले होते. पुरातत्त्व खाते कोलंबोचे, पोलीस कोलंबोचे. प्रांतात निर्वाचित परिषद असती आणि पोलीस तिच्या अखत्यारीत असते, तर हे घडण्यापूर्वी निदान कोणी तरी फोन उचलला असता. यात भगवान बुद्धाचा काही दोष नाही, आणि सगळ्या सिंहली समाजाचाही नाही. धर्माच्या आडून जमीन बळकावू पाहणारे दोन्हीकडे असतात, त्यांना आवरणारी स्थानिक सत्ता असावी लागते.

प्रांताला सत्ता दिली की देश फुटतो, ही सिंहली मनातली भीती खोटी आहे असे म्हणून उडवून लावणे योग्य नाही. पंचाहत्तर टक्के असूनही, पलीकडच्या किनाऱ्यावरचे कोट्यवधी तामिळ पाहून सिंहली माणसाला आपणच अल्पसंख्य आहोत असे वाटत आले आहे. त्या भीतीला उत्तर अनुभवानेच द्यावे लागेल, आणि तो अनुभव भारताकडे आहे. १९६६ मध्ये मिझो बंडखोरांविरुद्ध ऐझॉलवर हवाई हल्ले करण्याची वेळ आली होती. वीस वर्षांनी, १९८६ च्या ३० जूनला करार झाला. बंडाचे नेते लालडेंगा राज्यघटनेची शपथ घेऊन मुख्यमंत्री झाले आणि पुढच्या निवडणुका मतपेटीतून लढल्या गेल्या. २०२० च्या जानेवारीत बोडो गटांनीही शस्त्रे खाली ठेवली. यातल्या एकाही कराराने भारताची सीमा इंचभरही मागे सरकली नाही. तामिळ बाजूनेही यासाठी वाट चालली आहे. त्रिंकोमालीचे ज्येष्ठ नेते आर. संपंथन १९७७ मध्ये ईलमच्या घोषणेवर संसदेत गेले होते, मधल्या काळात त्यांच्या आघाडीने लिट्टेपुढे मान तुकवल्याचा डागही आहे. पण युद्धानंतर ते अविभाजित, अविभाज्य श्रीलंकेतच तोडगा हवा असे सांगत राहिले, देशाचे विरोधी पक्षनेते झाले, आणि ३० जून २०२४ रोजी वयाच्या ९१ व्या वर्षी तो तोडगा न पाहताच गेले. असा तामिळ नेता समोर असताना जे देता आले नाही, ते पुढच्या, अधिक कडवट पिढीला देणे सोपे जाणार नाही.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये अनुरा कुमार दिसानायके अध्यक्ष झाले. नोव्हेंबरात त्यांच्या आघाडीला २२५ पैकी १५९ जागा मिळाल्या आणि जाफना जिल्ह्यातही तामिळांनी तिला सर्वाधिक जागा दिल्या. दिसानायके ज्या जनता विमुक्ती पेरमुनातून आले, त्या पक्षाने १९८७ च्या कराराविरुद्ध रक्तरंजित उठाव केला होता, आणि उत्तर-पूर्वेचे विलीनीकरण रद्द करवण्यासाठी न्यायालयात गेलेलेही त्याचेच लोक होते. जयवर्धने यांना जे करावे लागले, ते दिसानायके यांच्याही वाट्याला आले आहे. फरक इतकाच की, यांना जाफन्याने स्वतःहून मते दिली आहेत आणि दोन-तृतीयांशाहून अधिक बहुमत हाताशी आहे. संसदेत ज्याला करार फाडायला लावता येईल असा तुल्यबळ विरोधकही समोर नाही. असे १९५७ पासून कोणाच्याही बाबतीत घडलेले नव्हते.

२०१५ मध्ये नरेंद्र मोदी जाफन्याला गेलेले पहिले भारतीय पंतप्रधान ठरले आणि बॉम्बफेकीतून सावरलेल्या नगुलेश्वरमच्या मंदिरात त्यांनी दर्शन घेतले. भारताने युद्धग्रस्त उत्तर-पूर्वेत सुमारे ४६ हजार घरे बांधून दिली. २०२५ च्या एप्रिलमध्ये कोलंबोत त्यांनी घटनेची पूर्ण अंमलबजावणी व प्रांतिक निवडणुका यांविषयीची अपेक्षा जाहीरपणे मांडली. हे योग्यच झाले. हंबनटोटा ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे गेल्यापासून कोलंबोला दुखवू नये, असे सांगणारा एक वर्ग दिल्लीत आहे. १९८७ पासूनचा इतिहास सांगतो की, तामिळांचा प्रश्न बाजूला ठेवल्याने कोलंबो भारताकडे वळले नाही. उलट तामिळ मात्र दुरावले. तामिळनाडूतील छावण्यांत या दशकाच्या सुरुवातीलाही पन्नास हजारांहून अधिक श्रीलंकन तामिळ राहत होते, त्यांतले कित्येक भारतातच जन्मलेले आणि कोणत्याच देशाचे नागरिक नसलेले. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात त्यांचा समावेश नव्हता. त्यांना परत जाण्यासारखे गाव, गावात आपली जमीन आणि जमिनीवर आपले पोलीस मिळाले, तर त्यांचा निम्मा प्रश्न भारतात सोडवावाच लागणार नाही.

कोलंबोकडून मागायचे आहे ते फार थोडे आहे: मतदारसंघांचा घोळ बाजूला सारून जुन्या प्रमाणबद्ध पद्धतीने निवडणूक घेता येईल अशी दुरुस्ती, निवडणुकीची तारीख, आणि घटनेच्या यादीत आधीच लिहिलेल्या जमीन व पोलीस या विषयांचे हस्तांतरण. नवी घटना जेव्हा होईल तेव्हा होवो. त्यासाठी ही निवडणूक थांबवून ठेवण्याचे कारण नाही.